थांबलेला भाव

४ सप्टेंबर २००६, सोमवार. अकोला

तूर आज जेवणाच्या सुमारास उसळली आणि ती उसळी नांदगाव खंडेश्वरच्या पडद्यावर चहाच्या वेळेला पोचली. तोवर तिथली माणसं शिळा भाव ताजा समजून बघत बसली होती. आमचा दूधवालासुद्धा इतका उशीर करत नाही.

दोष लाइनचा नाही, माझा आहे. जठारपेठेत वामनरावांच्या ऑफिसवर डिश आहे. वायदेबाजारातला प्रत्येक भाव तिथे क्षणात उतरतो. तिथून तो टेलिफोनच्या तारेवरून सहा गावांना पाठवणं हे माझं काम. तार बारीक, आणि मी तिच्यातून सगळंच कोंबत होतो. सोयाबीन, चणा, गवार, मिरची, सोनं. बाजार पळायला लागला की रांग लागते आणि कामाचा भाव मिरचीच्या मागे उभा राहतो. नांदगावच्या जाईबाईंना मिरचीशी काय करायचंय? त्यांच्या शेतकरी गटाच्या गोदामात फक्त तूर आहे.

आणि ती तूर माझ्या पडद्यावर विकली जाते, म्हणून जिवाला घोर. वामनराव दालमिलवाले. गटाशी त्यांचा करार असा की, गाडी गोदामाच्या दाराशी लागेल तेव्हा पडद्यावर जो भाव असेल तो धरायचा, ठरलेली वजावट करायची आणि माल उचलायचा. घासाघीस नाही, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं नाही. पडदा सांगेल तो भाव. वामनराव मला म्हणाले, "नासिरमियाँ, दिवाळीपर्यंत हे बिनतक्रार चालवून दाखवा. मग अमरावतीपर्यंतची सगळी गावं तुमचीच."

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून मी इथवर आलो. डिक्शनरी मांडीवर घेऊन कॉम्प्युटरची पुस्तकं वाचली. कोणा मास्तराचे उपकार नाहीत. हे लिहून ठेवतो, कारण यश आलं तर लोक विसरतील आणि अपयश आलं तर मी.

९ सप्टेंबर, शनिवार

जमलं.

ज्याला जे हवं तेच त्याला पाठवायचं. तेही भाव बदलला तरच. आणि तार मोकळी होईपर्यंत भाव तीनदा बदलला असेल तर मधले टाकून द्यायचे, शेवटचा तेवढा पाठवायचा. वरात निघून गेल्यावर तिची वर्दी कशाला? भाव बदललाच नाही तर तारेवर संपूर्ण शांतता. परवापर्यंत मोडेमचे दिवे दिवसभर तडफडायचे, आज मधूनच एखादा डोळा मिचकावत होता. बाजार पळाला तरी नांदगाव माझ्या बरोबरीने चाललं. मी फोन कानाला लावून दोन्हीकडचे भाव ताडून पाहिले.

आणखी एक सफाई केली. खेड्याकडची लाइन दिवसातून कितीदा तरी पडते. पूर्वी लाइन पडली की पडद्यावर इंग्रजीत लाल पाटी यायची आणि लोक घाबरून फोन करायचे. ती पाटी काढून टाकली. आता लाइन पडली तरी शेवटचा भाव पडद्यावर तसाच राहतो आणि यंत्र गुपचूप पुन्हा जोडून घेतं.

वामनराव येऊन बराच वेळ बघत उभे राहिले.

"म्हणजे लाइन पडली तर तिकडच्याला कळत नाही?"

"अजिबात नाही."

"कितीही वेळ?"

"लाइन परत येईपर्यंत."

त्यांनी मुनीमजींना बोलावलं आणि मला सगळं पुन्हा एकदा समजावून सांगायला लावलं. मुनीमजींनी कोणतं मोडेम कोणत्या गावाचं तेही विचारून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या कामात कोणी एवढा रस घेतला नव्हता. मी लगेच प्रत्येक मोडेमवर गावाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

नांदगावला जाऊन नवीन रचना बसवली. गटाचा कॉम्प्युटर गोदामाच्या पुढच्या खोलीत, धूळ लागू नये म्हणून जुन्या लुगड्याखाली. तो संघपाल चालवतो. बारावी झालेला, बोटं चपळ, पण केबल मुडपून ठेवतो. त्याला सांगितलं, केबलला कोपरा सहन होत नाही.

जाईबाई गटाच्या अध्यक्षा. पन्नाशीच्या असतील. पडद्यासमोर स्टूल ओढून अशा बसल्या, जणू नवी सून पाहायला आल्या आहेत.

"नासिरभाऊ, हे हालत नाही तवा काय समजायचं?"

"भाव बदलला नाही, असं समजायचं."

"अन् तुमची तारच तुटली तं?"

"तुटली तरी यंत्र आपोआप जोडून घेतं, बाई. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"कळणारसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मग संघपालकडे वळून, "काय रे, हे चांगलं झालं का वाईट?"

संघपाल हसला. मीही हसलो. जुन्या माणसांना यंत्राची भीती असतेच. परत निघताना त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून दिली. भाजी तिखट, पण उत्तम.

२० सप्टेंबर, बुधवार

बाजार थंड, पडदे थंड, तक्रार नाही.

आमची लेक गजाला अमरावतीला हॉस्टेलवर राहते. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर ती आईच्या मोबाइलवर एक रिंग देते आणि कापते. उचलायचं नाही, बोलायचं नाही. मी आज जहाँआराला म्हणालो, काही झालेलं नसताना रिंग कशाला? काही झालं तर पोरगी फोन करेलच. माझी सगळी यंत्रणा याच तत्त्वावर चालते.

तिने उर्दूत जे उत्तर दिलं ते इथे मराठीत लिहितो: "तुमच्या यंत्रणेला तुम्ही जन्म दिला असेल, गजालाला मी दिलाय."

ही वही मराठीत आहे हे बरं. अब्बांनी मला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं, आणि जहाँआराला मराठी वाचायचा कंटाळा.

२७ सप्टेंबर, बुधवार. तिसरा रोजा



संध्याकाळी जाईबाईंचा फोन. त्यांच्या दिराने अमरावतीच्या बाजारातून कळवलं की तूर आज दुपारीच उडाली. "आमच्या पडद्यावर तं सकायपासून हाललीच नाही जी. वामनरावाची गाडी आलती. पडद्यावरचा भाव पाह्यला अन् निम्मं गोदाम भरून देल्लं."

इफ्तारचा खजूर तोंडात होता. तसाच जठारपेठेला गेलो. शेल्फवर सहा मोडेम, पाचांचे दिवे चालू, नांदगावचा बंद. भिंतीवरचं त्याचं बटण बंद केलेलं. लाइन नव्हे, खराबी नव्हे, फक्त बटण. झाडणाऱ्या बाईचा फडका लागला असणार. मुनीमजी म्हणाले, "ती फार निष्काळजी आहे." मी बटण चालू केलं, त्यावर काळी टेप आडवी चिकटवली आणि चहूबाजूंनी नखाने दाबून बसवली.

वामनराव मोठ्या मनाने म्हणाले, "यंत्र आहे, नासिरमियाँ. होतं असं. त्यांनी पडदा पाहून दिला, आम्ही पडदा पाहून घेतला. तुमच्यावर बोट ठेवणार नाही मी."

दुसरा कोणी असता तर मला उभा जाळला असता.

२ ऑक्टोबर, सोमवार

नांदगावहून फोन नाही. म्हणजे सगळं ठीक चाललं असावं.

११ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा.

या वेळी संघपालने फोन केला. आवाज चढलेला. "काका, तूर दोन तास एकाच आकड्यावर उभी होती. गाडी दाराशी. मी म्हटलं थांबा, अकोल्याले विचारतो. तं ड्रायवर म्हणते, करारात विचारायचं नाही, पाहायचं हाये. जाईमावशीनं शब्द देल्ला होता म्हून दहा पोती देल्ली. मंग पडदा जागा झाला अन् भाव पार वर गेलता."

मग जाईबाईंनी फोन घेतला. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं.

"नासिरभाऊ, माणूस झोपला तं घोरते तरी. तुमचा पडदा झोपला तं कोणाले समजतबी नाही."

मी म्हणालो, उद्या बघतो. त्या म्हणाल्या, "बघा जी. आता जेवढी तूर राह्यली तेवढीच आमची. तुमच्या पडद्यावर भरोसा हाये म्हून आमी बाजारात नेली नाही."

ऑफिसात जाऊन पाहिलं. नांदगावचा दिवा चालू, बटण चालू, टेप शाबूत. म्हणजे बटण नव्हतं, लाइनच पडली असणार. टेप जराशी रुंद वाटली, पण रोज्यात दुपारनंतर सगळंच रुंद दिसतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गजालाची रिंग आली नाही.

नमाज झाली, इफ्तार झालं, जहाँआरा मोबाइल पुढ्यात घेऊन बसली. मी म्हणालो, काही झालं असतं तर फोन आला असता. ती म्हणाली, "काही झालं असेल तर फोन कसा करेल?" पोरीचा फोन बंद. हॉस्टेलच्या बाईंनी उचलायला बराच वेळ लावला. एवढ्या वेळात जहाँआराने दुपट्ट्याचं टोक पिळून पिळून दोरी केली. शेवटी गजाला आली. मैत्रिणीकडे इफ्तारला गेली होती, मोबाइलची बॅटरी मेली होती. आईची बोलणी खाल्ली, मग दोघी रडल्या, मग दोघी हसल्या.

फोन ठेवल्यावर जहाँआरा म्हणाली, "रिंग आली नाही म्हणून तर कळलं."

मी जागेवरच उभा राहिलो. ही बाई रोज एका रिंगेतून जे काम करून घेते ते माझ्या सगळ्या यंत्रणेत नाही. तिच्याकडे शांततेला अर्थ आहे. माझ्याकडे शांतता म्हणजे "भाव तोच" आणि शांतता म्हणजेच "लाइन मेली", आणि दोन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात. मी ज्याला सफाई म्हणालो ती हीच.

तिला नांदगावचं सगळं सांगितलं. ती भांडी आवरत ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "गाडी नांदगावला पोचायला किती वेळ लागतो?"

"दोन तास. जास्तच."

"मग पडदा थांबायच्या आधीच ती इथून निघाली कशी?"

मी म्हणालो, उगाच शंका घेऊ नकोस. त्या माणसाने मला दुकानातून उचलून वर आणलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पट्टी घेऊन गेलो आणि टेप मोजली. माझी टेप पाऊण इंची. बटणावर आहे ती एक इंची. माझ्यासारखीच आडवी चिकटवलेली, नखाने दाबलेली. एक इंची टेपचं भेंडोळं मुनीमजींच्या टेबलावर टाचणीच्या डबीशेजारी आहे.

कोणाला काही बोललो नाही. का नाही बोललो, ते इथे तरी खरं लिहितो. अमरावतीपर्यंतची गावं. मला ती हवी आहेत. डोळे मिटले की मला ती सगळी गावं एकेका दिव्यासारखी दिसतात. आज दिवसभर पट्टी खिशात टोचत होती आणि मी स्वतःला सांगत होतो की टेप कोणीही बदलू शकतो.

दुपारी प्रोग्रामचा नवीन भाग लिहायला घेतला. भाव बदलो न बदलो, अकोल्याहून ठरावीक वेळाने एक रिकामा निरोप जाईल. त्यात भाव नाही, काही नाही, एवढंच की "मी आहे". लागोपाठ तीन निरोप चुकले की पडदा काळा. तारेवर याचं ओझं नगण्य. सप्टेंबरात मी एवढीशी गोष्ट फालतू म्हणून वगळली होती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

वामनरावांना नवीन भाग दाखवला. टेपबद्दल बोललो नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"काळा पडदा? दिवाळीच्या तोंडावर? माणूस बिथरतो, नासिरमियाँ."

"खोट्या भावापेक्षा काळा बरा."

"खोटा कोण म्हणतो? शेवटचा खराच भाव असतो तो." मग चहा मागवला, माझा रोजा आठवला, कप परत पाठवला. हळू आवाजात म्हणाले, "अमरावतीचे कागद तयार आहेत. लक्ष्मीपूजनाला सही करू. त्याआधी नवीन काही चिकटवू नका. चालतंय ते चालू द्या."

मी "बरं" म्हणालो.

घरी येताना 'चिकटवू नका' हे शब्द डोक्यातून जाईनात.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. नांदगाव खंडेश्वर

पहिल्या एसटीने आलो. हे गोदामाच्या ओट्यावर बसून लिहितोय.

इकडचा भाग बसवला. अकोल्याकडचा सकाळी निघतानाच बसवून आलो होतो, कोणाला न विचारता. जाईबाईंसमोर फोनची तार उपटून दाखवली. आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. भाव होता, होता, होता, आणि पडदा काळा झाला. मध्ये मराठीत एकच ओळ: भाव येत नाही.

"अरे बाप्पा," संघपाल म्हणाला.

जाईबाईंनी विचारलं, "हे पयल्यापासून कावून नव्हतं?"

"मला वाटलं, गरज नाही."

"तुमाले वाटलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी केबल सरळ करायला घेतली. मग सांगितलं, अकोल्याचं बटण फडका लागून नव्हे, माणसाच्या हाताने बंद झालं होतं. नाव घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमचा तं करार जाईल ना हो, भाऊ."

संघपालने विचारलं, काळा झाल्यावर गाडी दाराशी असेल तर काय करायचं? मी म्हणालो, पडदा सांगेल तो भाव. पडदा म्हणतो भाव नाही, तर भाव नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. धनत्रयोदशी

सकाळपासून जठारपेठेत बसून होतो. बाजार उघडल्यापासून तूर उतावीळ. ऑफिसात पणत्यांचे खोके, झेंडूचे ढीग, मुनीमजी नवीन कुडत्यात. वामनराव आज मला "नासिरभाई" म्हणाले.

मी डिशकडच्या पडद्याकडे पाहत होतो. तुरीने उडी घेतली. वळून पाहिलं तर शेल्फवर नांदगावचा दिवा विझलेला. मुनीमजी आपल्या खुर्चीत, पाठमोरे, झेंडूची माळ ओवत.

हात बटणाकडे गेला होता. मागे घेतला. बटण मी दाबलं असतं तर आजचा दिवस वाचला असता, उद्याचा नाही. पण त्या मिनिटांत माझा माझ्या कामावरचा विश्वास किती आहे तेही कळलं. फारसा नव्हता. निरोपाची मोजणी उलटी लिहिली असेल तर? संघपालने केबल पुन्हा मुडपली असेल तर? पडदा काळा न होता त्याच भावावर उभा असेल, आणि आत्ता तिथे उरलेली पोती गाडीत चढत असतील.

मोबाइल वाजला.

"नासिरभाऊ, पडदा काया झाला."

"हो, बाई."

"गाडी दाराशी हाये. ड्रायवर म्हणते भाव फोनवर इचारून घ्या."

वामनराव माझ्याकडे बघत होते. खरा भाव माझ्या डोळ्यांसमोर होता. सांगितला असता तर जाईबाईंचा फायदाच होता. पण मग पडदा कशाला? मग पुन्हा कोणाच्या तरी तोंडाचा भाव.

"करारात विचारायचं नाही, बाई. पाहायचं आहे. पडद्यावर काय दिसतं?"

"भाव येत नाही, असं दिसते."

"मग तोच."

पलीकडे त्या कोणाशी तरी बोलल्या, मग मोठ्याने हसल्या. "मंग गाडी रिकामी वापस चालली जी. ड्रायवरले म्हटलं, चहा तं पिऊन जाय, आमची दिवाई हाये."

लगेच वामनरावांचा फोन वाजला. त्यांनी ड्रायव्हरचं ऐकून घेतलं. फोन ठेवला. मुनीमजींची माळ थांबली. मी उठलो, शेल्फजवळ गेलो, बंद बटणावर पुन्हा बसवलेला एक इंची टेपचा तुकडा सोलला आणि वामनरावांच्या टेबलावर, अमरावतीच्या कागदांवर चिकटवला.

"ही तुमची," मी म्हणालो. "माझी पाऊण इंची असते."

मग वामनराव म्हणाले, "तुमचं सामान घेऊन जा."

सहाही मोडेम माझे होते. गावांच्या नावांसकट काढून पिशवीत भरले. म्हणजे आता सहाही गावांचे पडदे काळे होणार, असं आधी वाटलं. बाकीच्या पाच ठिकाणी अजून जुनाच भाग आहे, हे रस्त्यात आठवलं. तिथे शेवटचा भाव तसाच उभा असणार. पाठ टेकण्याआधी पाचही गावांना फोन करून सांगितलं, पडद्यावर बघू नका.

जहाँआराने पिशवी माझ्या हातातून घेतली. मगरिबनंतर गजालाची रिंग आली आणि कापली गेली. या वेळी मीही ऐकत होतो.

२३ ऑक्टोबर, सोमवार

दुकान उघडलं. तीन टीव्ही, एक रेडिओ, एक मिक्सर जो मी घेत नाही पण घेतला. सहा मोडेम वरच्या फळीवर. जाईबाईंच्या गटाने उरलेली तूर अमरावतीला नेऊन विकली असं ऐकलं. किती भावाने, ते विचारायची हिंमत झाली नाही. आता मी त्यांचा कोणी लागत नाही.

वायदेबाजार उघडायच्या वेळी माझा हात सवयीने घड्याळाकडे गेला. त्याच वेळी मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. नंबर नांदगावचा. काही झालं असेल म्हणून घाईने उलट फोन लावला.

"काय झालं, बाई?"

"काही नाही जी," जाईबाई म्हणाल्या. "तुमी हाये का नाही, तेवढं पाह्यलं."

मी म्हणालो, आहे.